जुन्या मोटारसायकलचं सस्पेन्शन आणि पिकअप: तुम्ही सारखं विचारता ते प्रश्न

माझ्याकडं वडिलांची १९९२ ची टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १०० आहे आणि ती साताऱ्यात रोज पळते, त्यामुळं कुठंही उभी केली की कोणतरी जवळ येऊन विचारतंच. व्हॉट्सॲपवर पण तेच तेच येतं आणि तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. विचारणारे बहुतेक आरएक्स, स्प्लेंडर, जुनी सीबीझेड, पहिल्या पल्सर आणि थोडेफार बुलेटवाले आहेत. मी मेकॅनिक नाही, रविवारी हात काळे करणारा माणूस आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

१. दादा, गाडी वीस-पंचवीस वर्षांची आहे, सस्पेन्शन चांगलं करायचंय, पहिलं काय बदलू?

काही बदलू नका, पहिलं हलवून बघा. "शॉकअप गेलेत" म्हणून ज्या गाड्या दाखवायला येतात त्यातल्या कितीतरी गाड्यांचे शॉकअप बरे असतात, गेलेला असतो कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) नाहीतर चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) बुश. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागं कोणालातरी बसवा म्हणजे पुढचं चाक उचलतंय, आणि हँडल एका बोटानं सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवा. मध्यावर आल्यावर खटकन अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेटच्या वाट्यांना खड्डे पडलेत, तो आवळून काही होत नाही, बदलायचाच. मग शॉकअपची खालची टोकं धरून पुढं-मागं ढकला, टकटक लागली तर कोनसेट ढिला आहे. मागं चिमट्याचं टोक धरून आडवं हलवा, केसभर जरी हललं तरी बुश गेलेत. चाकाचं बेअरिंग, ढिल्या तारा, रिंगचा आऊट (फिरताना डुलणं) हे पण त्याच दहा मिनिटांत कळतं. हे जागेवर नसताना भारीतले शॉक लावणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग मारणं, पैसे जातात आणि पावसाळ्यात परत तेच.

२. ब्रेक मारला की पुढचे शॉकअप पार खाली बसतात. स्प्रिंग बदलू का ऑइल?

आधी मला सांगा शेवटचं ऑइल कधी बदललं. बहुतेकांचं उत्तर "शॉकअपमध्ये पण ऑइल असतं का" हेच असतं. इंजिनचं ऑइल आपण वेळेवर बदलतो आणि फोर्कमधलं, म्हणजे पुढच्या शॉकअपमधलं, गाडी शोरूममधून आली तसंच असतं, ते काढलं की राखाडी, पाण्यासारखं पातळ आणि कुबट वासाचं निघतं. त्यात सगळं ॲल्युमिनियमचं पीठ आणि ओल असते. नुसतं ते काढून, फोर्कचे दोन्ही पाय (नळ्या) आतून केरोसीननं धुऊन, पूर्ण सुकवून नवीन फोर्क ऑइल भरलं तरी गाडी ओळखू येत नाही.

भरताना मात्र "अंदाजानं दोन झाकणं" असं करू नका. मॅन्युअलमध्ये एका पायाला किती मिली ते दिलेलं असतं. त्याच्यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, आणि पाइपच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंत किती अंतर आहे ते पट्टीनं मोजायचं, दोन्ही पायांत सारखं. वर जी हवा राहते ती पण स्प्रिंगसारखंच काम करते, म्हणून ऑइल थोडं वर आलं तर शेवटच्या इंचात फोर्क कडक होतो आणि आपटायचा थांबतो. जास्तच भरलं तर मात्र सील फुटतात.

हे करूनही बसत असेल तर स्प्रिंगची लांबी मोजा. मॅन्युअलमध्ये कमीत कमी लांबी दिलेली असते, त्याच्या खाली गेली असेल तर दोन्ही स्प्रिंग एकदम बदला, एकच बदलू नका. तरी शंका असेल तर चौथा प्रश्न बघा.

३. आमचा गॅरेजवाला फोर्कमध्ये २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलच टाकतो, म्हणतो कडक होतंय, चालतं ना?

गाडी चालते, मनगटं चालत नाहीत. मी स्वतः हा प्रयोग करून बसलोय, कोणी सांगितलं नव्हतं, माझंच डोकं. जाड ऑइल टाकलं, अंगणात दाबून बघितलं, एकदम भारी वाटलं, आणि यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो तर प्रत्येक छोटा खड्डा थेट खांद्यात. परत येईपर्यंत चहाचा कप धरवत नव्हता.

कारण असंय की जुन्या गाड्यांच्या फोर्कमध्ये एक साधी नळी असते आणि तिला ठरावीक मापाची भोकं, ऑइल त्या भोकांतून ये-जा करतं एवढंच डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचे झोके अडवणं. फोर्क सावकाश हलला की ऑइल आरामात जातं आणि काही अडवत नाही, पण खड्ड्यात झटका बसला की तेवढ्याच भोकातून ऑइल जाऊ शकत नाही आणि फोर्क दगड होतो. वेग दुप्पट झाला की अडथळा जवळजवळ चौपट होतो. जाड ऑइलनं हा दोष वाढतो. म्हणजे ब्रेकला बसणं थोडं सावकाश होतं, पण थांबत नाही, कारण वजन पेलायचं काम स्प्रिंगचं आहे, ऑइलचं नाही. १० नंबरचं फोर्क ऑइल बहुतेक शंभर-दीडशे सीसी गाड्यांना बरोबर पडतं, चालवणारा जड असेल तर १५. आणि एक, दोन कंपन्यांचं "१०" सारखंच जाड असेल असं नाही, त्यामुळं एकदा जमलं की तेच धरून ठेवा.

४. हे सॅग सॅग म्हणतात ते काय असतं? घरी मोजता येतं का?

येतं, एक केबल टाय आणि एक मित्र लागतो. तुम्ही गाडीवर बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसतं तो सॅग. रस्त्यावरच्या गाडीला एकूण प्रवासाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवा, म्हणजे फोर्क ११० मिमी हलत असेल तर ३३-३५ मिमी. चाक उचलून फोर्क पूर्ण मोकळा करा, केबल टाय पाइपवर सीलला टेकवा, मग चाक जमिनीवर टेकवून हळू बसा, नेहमीचे बूट, हेल्मेट, डबा सगळं घेऊन, मित्रानं गाडी सरळ धरायची. हळूच उतरा, चाक परत उचला आणि टाय किती सरकला ते मोजा. तीन वेळा मोजा, दर वेळी थोडं वेगळं येतं.

सॅग फार जास्त आला तर गाडी आधीच बसलेली आहे, खड्ड्याला जागा उरत नाही. फार कमी आला तर चाक खड्ड्यात खाली जाऊ शकत नाही, उड्या मारतं, आपल्याकडं ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी डांबराला लाटा पाडलेत तिथं हे लगेच कळतं. मागचं पण असंच मोजायचं, चाकाच्या एक्सलपासून वर सीटखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत. कायम डबलसीट फिरत असाल तर डबलसीट बसूनच मोजा, कधीतरीच बसत असेल तर एकट्यानं सेट करा आणि कोणी बसणार असेल तेव्हा मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) एक-दोन खाचा वाढवा.

५. म्हणजे प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, बरोबर ना?

नाही, आणि हा गैरसमज मेकॅनिकमध्ये पण आहे. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी उंच उभी राहते. पुढं प्रीलोड वाढवायला कॅपखाली पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून टाकतात, चालतं, पण दोन्ही बाजू एकाच मापाच्या आणि कडा सरळ हव्यात, वर-खाली वॉशर घाला. गाडी एकटी उभी असताना जराही बसत नाही पण तुम्ही बसल्यावर खूप बसते, असं असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, तिथं प्रीलोड काही करू शकत नाही.

६. ऑइल सील बदलले, दोन महिन्यांत परत गळायला लागले. सील डुप्लिकेट का?

असू शकतात, पण आधी पाइपवर नख फिरवा. सील जिथं घासतो त्या पट्ट्यात क्रोमला गंजाचे बारीक टोचे असतील तर ओरिजिनल सील पण टिकत नाही. पाइप गुळगुळीत असेल तर सीलच्या ओठात माती अडकलीय का बघा, कासच्या बाजूची तांबडी माती फार चिकट. वरचा डस्ट कव्हर काढून जुनी एक्स-रे फिल्म बारीक कापून सीलमध्ये घालून गोल फिरवली की बऱ्याचदा कचरा निघतो आणि गळती थांबते. ज्यांची गाडी रोज शेतात जाते त्यांनी सरळ रबरी बूट चढवावेत. दिसायला जुनाट दिसतं, दिसू दे.

७. पडलो होतो, पाइप वाकलाय. सरळ करून घेऊ का नवीन?

आधी खरंच वाकलाय का बघा, कारण बऱ्याचदा फक्त टी (दोन्ही पाइप हँडलखाली धरणारा भाग) फिरलेली असते. एक्सल आणि टीचे बोल्ट ढिले करा, चाक सरळ करा, फोर्क चार-पाच वेळा दाबा आणि खालून वर आवळत या. तरी हँडल तिरकं असेल तर पाइप काढून काचेवर लोळवा. थोडासा बाक चांगला लेथवाला प्रेसवर काढून देतो. पण घडी पडली असेल किंवा क्रोमला तडा दिसत असेल तर तो पाइप भंगारात, घाटात उतरताना तुमचं सगळं वजन त्याच दोन पाइपांवर असतं.

८. आरएक्सला किंवा स्प्लेंडरला मागं पल्सरचे गॅस शॉक बसतात का? भावानं बसवलेत, एकदम मस्त वाटतं.

बसवतात बरेच जण. गॅस शॉकचा फायदा खरा आहे: साध्या शॉकमध्ये ऑइल आणि हवा एकत्र असते, खराब रस्त्यावर सलग चाललं की त्याचा फेस होतो आणि फेसाला डॅम्पिंग नसतं, शॉक नुसती स्प्रिंग होऊन बसतो. नायट्रोजनचा दाब ठेवला की फेस होत नाही.

पण तीन गोष्टी मोजा. वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतची लांबी, बुशचं माप, आणि स्प्रिंग किती वजनासाठी आहे. पल्सर तुमच्या गाडीपेक्षा बरीच जड, आरएक्स शंभर किलोच्या जरा वर, त्यामुळं तिथली स्प्रिंग इथं एकट्याला कडक पडते आणि "मस्त वाटतं" म्हणजे बऱ्याचदा "उंच वाटतं" एवढंच असतं. शॉक लांब असेल तर मागून गाडी उचलते, पुढचा कोन उभा होतो, हँडल हलकं पण चंचल होतं, आणि साइड स्टँडवर गाडी जास्तच कलते. चेन कव्हरला घासते का ते पण बघा. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेले नवीन शॉक मिळत असतील तर मी तेच घेईन.

शॉक गेलाय का कळायला: सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीन वेळा झोके घेतले तर संपला.

९. मोनोशॉक करायचाय, वेल्डिंगवाला ओळखीचा आहे.

नका करू. जुळ्या शॉकची फ्रेम मागच्या दोन टोकांवर भार घ्यायला बनवलेली असते, तोच भार मधे एका जागी आणला की जिथं कधी ताण नव्हता तिथं तडा जातो. शिवाय कायद्याचं सतरावं उत्तर वाचा.

१०. मागं रुंद टायर टाकला तर ग्रिप वाढेल ना?

अरुंद रिंगवर रुंद टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी दाबला जातो आणि डोक्यावर टोकदार होतो, वळणात उलट विचित्र वागतो. मापाचाच पण ताजा टायर घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत पण टायर दहा वर्षांचा, अशा गाड्या मी बघतो आणि पासरणी घाटात पहिल्या पावसात त्यांच्या मागं राहतो.

११. पुढचा ड्रम ब्रेक लागतच नाही. डिस्क बसवू का?

ड्रम नीट केला तर शंभर सीसीला पुरतो. लायनर चकाकत असतील तर पॉलिश पेपरनं घासा, ड्रमला आतून पायरी पडली असेल तर लेथवर हलका कट घ्या, केबल नवीन टाका. आणि एक गोष्ट फार कमी लोक बघतात: ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरची दांडी आणि केबल यांच्यात काटकोन आला पाहिजे. दांडी त्याच्या पुढं गेली की तुमची निम्मी ताकद वाया. लायनर झिजले म्हणून दांडी एक दाता फिरवून बसवतात, त्यापेक्षा लायनर बदला. डिस्क करायची तर फोर्क, चाक, मास्टर सगळंच बदलावं लागतं आणि जोरदार ब्रेकला मऊ फोर्क अजून बसतो, म्हणजे परत दुसरा प्रश्न.

१२. गाडीला पिकअप राहिला नाही. बोअर करू का?

बोअर, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा करणं, शेवटी. आधी मेन स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं हातानं फिरवा, ब्रेक घासत असेल तर इंजिनला दोष देऊ नका. चेन सुकलेली, क्लच सरकतोय, एअर फिल्टर तेलकट, चोक पूर्ण बंद होत नाही, थ्रॉटल पूर्ण दिल्यावर कार्बोरेटरचा स्लाइड पूर्ण उघडत नाही, असल्याच गोष्टी निघतात. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्हचं सेटिंग थंड इंजिनवर करा. त्यानंतर कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. तेच कमी असेल तर बोअर, पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यानं मोठे मिळतात, आणि पहिल्याच बोअरला थेट मोठा पिस्टन घालणाऱ्याला "का?" म्हणून विचारा, कारण पुढच्या बोअरला लागणारं मटेरियल तो आजच काढून टाकतोय.

१३. पुढचा स्पॉकेट एक दाता मोठा टाकला तर टॉप वाढेल?

हायवेला इंजिन शांत होईल. १४ चा १५ केला तर त्याच वेगाला आरपीएम साधारण ७ टक्के कमी, मागचे ४२ चे ३९ करण्याइतकाच फरक. पण ताकद वाढलेली नाही, त्यामुळं केळघर घाटात जिथं तिसऱ्यात चढायचा तिथं दुसरा टाकावा लागेल. घाटातल्या गावात राहत असाल तर उलट करा.

१४. सायलेन्सरचा आतला फिल्टर काढला, आवाज लय भारी, पण खाली ओढतच नाही. असं का?

टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता धूर बाहेर काढायचा पाइप नाही. त्यातून परत येणारी दाबाची लाट सिलिंडरमधून निसटू बघणारं ताजं मिश्रण आत ढकलते, ती लाट कुठल्या आरपीएमला वेळेवर पोचायची हे त्याच्या आकारावर ठरतं. तुम्ही ते गणित मोडलंत. फिल्टर परत बसवा. फोर-स्ट्रोकला मोकळा सायलेन्सर आणि कोन फिल्टर लावून जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक) तेच ठेवलं तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो.

१५. ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून जुनी गाडी थंडीत चालू होत नाही, खरंच पेट्रोलचा दोष आहे का?

थोडा आहे. आपल्याच कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय, तक्रार तरी कोणाकडं करणार. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर तेच मिश्रण पातळ पडतं. पायलट स्क्रू (कार्बोरेटरचा बारीक मिश्रणाचा स्क्रू) जरा जमवून घ्या, प्लगचा रंग बघून गरज असेल तर मेन जेट एक माप वर. जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग फुगतात किंवा चिरतात, ते बदला. आणि इथेनॉल ओल ओढतं, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा. टाकी अर्धी ठेवून सगळा पावसाळा गाडी उभी केली की तळाला पाणी आणि गंज ठरलेला.

१६. महाबळेश्वरहून उतरताना आरएक्स जॅम झाली, पिस्टनच अडकला. चढताना नाही, उतरताना! कसं काय?

हा प्रश्न मला आवडतो, कारण गाडीवाल्याला खोटं बोलतोय असं ऐकावं लागतं. उतारावर थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय, पण टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबर येतं आणि थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद. ऑइल पंप असला तरी त्याची केबल थ्रॉटललाच जोडलेली. उतरताना दर थोड्या वेळानं क्लच दाबून एक रेस द्या, आणि ब्रेक वापरा, म्हणूनच अकरावा प्रश्न आधी सोडवा. चढताना वर गाडी जरा दबलेली वाटते ते मात्र नॉर्मल आहे, साताऱ्यापेक्षा महाबळेश्वर साधारण ६०० मीटर उंच, हवा विरळ. तेवढ्यासाठी जेट बदलू नका.

१७. यातलं आरटीओला काय चालतं आणि काय नाही?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर लिहिलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या गोष्टी बदलता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानं पण जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. न विचारता बदल केला तर कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे आरएक्स १०० मध्ये आरएक्स १३५ चं बॅरल (सिलिंडर) घातलंत की आरसीवर ९८ सीसी आणि खाली १३२, ते बसत नाही. फ्रेम कापणं, मोनोशॉक, फटाके सायलेन्सर हे सगळं त्यातच. झिजलेला भाग त्याच मापाच्या नव्या भागानं बदलणं ही दुरुस्ती झाली. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद करा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यूअल असतं आणि तिथं गाडी बघतात, तेव्हा काढलेले ओरिजिनल पार्ट पोत्यात भरून माळ्यावर ठेवा, विकू नका.

१८. कोनसेट नवा, टायर नवे, ऑइल नवं, तरी सत्तरच्या पुढं हँडल थरथरतं. आता काय?

कोनसेट नवा म्हणता, पण किती आवळलाय? फार टाईट असेल तर गाडी सरळ चालता चालता सापासारखी डुलते, ढिला असेल तर थरथरते. नवीन वाट्या दोन-चारशे किलोमीटरनंतर बसतात, तेव्हा परत एकदा आवळायला लागतो, हे कोणी सांगत नाही. मग मागचं चाक सरळ आहे का बघा. चेन ॲडजस्टरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका, जुन्या चिमट्याला त्या खोट्या असतात. दोन्ही टायरांच्या बाजूनं दोरा ओढून बघा. शेवटी मागचा कॅरिअर आणि त्यावरचा दुधाचा कॅन काढून चालवून बघा. एका काकांची गाडी तीन महिने तीन गॅरेज फिरली होती आणि दोष त्या कॅनचा निघाला.

१९. बदल केल्यावर टेस्ट कुठं करू?

एकच रस्ता ठरवा आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं फरक पडला कळत नाही. मी समर्थ मंदिरापासून बोगद्यातून सज्जनगडाच्या फाट्यापर्यंत जातो, त्यात सरळ, वळण, चढ, स्पीड ब्रेकर सगळं येतं. टायरची हवा निघायच्या आधी थंड असताना मोजा, दर वेळी सारखी. खिशात वही ठेवा आणि तिथंच लिहा, घरी आल्यावर सगळंच "बरं वाटलं" असतं. कासचा रस्ता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारी टेस्टिंगला घेऊ नका, फुलं बघायला आलेल्या गाड्यांच्या रांगेत पहिल्या गिअरमध्ये तुमच्या क्लचची तेवढी टेस्ट होईल.